आमच्या कादंबऱ्या रद्दीत घालू नका

प्रति,
मराठवाड्यातल्या सार्वजनिक वाचनालयांची कार्यकारी मंडळं आणि पुस्तकखरेदी ठरवणारे सर्व पदाधिकारी

विषय : रहस्यकथा, कौटुंबिक आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांचं निर्लेखन (नोंदीतून कायमचं काढून टाकणं) थांबवून त्या नव्याने विकत घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गावच्या वाचनालयाची मी बावीस वर्षांपासून सभासद आहे. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. माहेरी विचारलं, नणंदेच्या गावी विचारलं, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चाललंय. म्हणून एकट्या आमच्या मंडळाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीत रद्दीवाल्याच्या हातगाड्यावर सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे दिसले. वरच्या पुस्तकाची लाल कापडी पाठ ओळखीची वाटली. पाठीवर दाखल क्रमांकाची पिवळी पडलेली चिठ्ठी होती. मी गठ्ठा सोडायला लावला आणि पान २५ उघडलं. प्रत्येक वाचनालयाचं शिक्का मारायचं एक ठरलेलं आतलं पान असतं, आमच्याकडे ते पंचविसावं. शिक्का होता. एकूण चौसष्ट पुस्तकं निघाली, सगळ्या कादंबऱ्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मी कधी ना कधी घरी नेलेल्या. किलोच्या भावाने मी ती सगळी घेतली आणि दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. ग्रंथपाल खाली बघत म्हणाला, "ताई, ठराव झालाय मंडळाचा. निर्लेखित केल्यात." मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य पेपर वाचत बसले होते, ते म्हणाले, "वाचनालय आहे बाई हे, टाइमपासचं दुकान नाही. मुलांना अभ्यासिकेला जागा पुरेना गेलीय."

अभ्यासिकेला जागा हवी हे मला मान्य आहे. माझा मुलगा त्याच अभ्यासिकेत दोन वर्षं बसला आहे. घरात एक खोली, बाहेर लग्नाचे लाउडस्पीकर, अशा वेळी त्या टेबलाची किंमत काय असते हे मी रोज बघितलंय. पण त्याच दिवशी मी आतल्या कपाटांकडेही बघितलं. जाड चरित्रग्रंथांचे संच होते, भाषणांचे खंड होते, गौरवग्रंथ होते. काही खंडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली, मागची तारखेची चिठ्ठी कोरी. त्या ग्रंथांचा मला आदर आहे, ते असायलाच हवेत, कधीतरी एखाद्या मुलीला त्यातूनच हवं ते सापडेल. एवढंच सांगायचंय की जागा करायची वेळ आली तेव्हा कोरी चिठ्ठी असलेलं एकही पुस्तक बाहेर गेलं नाही. ज्यांच्या चिठ्ठ्या भरून गेल्या होत्या ती गेली.

माझ्या पेटीतल्या एका कौटुंबिक कादंबरीला एकावर एक तीन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तारखा बघितल्या तर पुस्तक आठ-दहा दिवसांवर कधी कपाटात थांबलेलंच नाही. उन्हाळ्यात तर चार-चार दिवसांनी शिक्का. दोनदा बाइंडिंग झालंय, शिलाई आतल्या समासात इतकी शिरलीय की ओळीतलं पहिलं अक्षर अंदाजाने वाचावं लागतं. पुस्तक जीर्ण झालं असेल तर निर्लेखन करावंच लागतं, नियम आहे. पण वाचून वाचून जीर्ण झालेल्या पुस्तकाची नवी प्रत घ्यायला नको का? चौसष्ट गेली त्यांच्या जागी तशी एकही आली नाही.

आता ही पुस्तकं वाचतं कोण, ते सांगते. संध्याकाळी वाचनालयात गेलात तर तुम्हाला पेपर वाचणारी माणसं दिसतील आणि अभ्यासाची मुलं दिसतील. बायका दिसणार नाहीत. म्हणून मंडळाला वाटतं, बायका वाचत नाहीत. त्या माझ्या दुकानात येतात. माझ्याकडे घरातली तीन कार्डं आहेत, माझं, मालकांचं, मुलाचं. मी पुस्तकं आणते, आणि फॉल लावून झालेल्या साडीच्या घडीत पुस्तक घालून पिशवी देते. पुढची साडी पिको करायला येते तेव्हा पुस्तक परत येतं. कधीकधी साडीला काहीच करायचं नसतं, तरी पिशवी येते. एक बाई बाजार समितीजवळ राहतात, त्यांच्या घरी सासू, दोन जावा, वाचायला बसलेलं कुणी बघितलं की "काय वाचायलीस एवढं, परीक्षा हाय का?" असं विचारतात. त्या दुपारी धान्याच्या खोलीत बसून वाचतात. दुसऱ्या एक आहेत, पंचायत समितीत शिपाई होत्या, आता निवृत्त. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी मला विचारली ती ही, "अक्का, ते डॉक्टरीणबाईचं पुस्तक पुन्हा मिळंल का? शेवट धड दिसला नव्हता मला."

ह्या बायकांची नोंद देवघेवीच्या रजिस्टरात माझ्या तीन कार्डांवर आहे. खरं तर अकरा घरं वाचतात.

पंधरा वीस दिवसांत एकदा हातात येणाऱ्या त्या पुस्तकाचं सुख काय असतं, ते तुमच्या ठरावाच्या भाषेत बसणार नाही, पण सांगायलाच हवं. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार. पत्रे तापलेले, लाईट गेलेली, मशीन बंद. अंगण शिंपडलं तरी पाच मिनिटांत कोरडं. अशा वेळी दाराला ओला पडदा लावून फरशीवर आडवं व्हायचं आणि पहिलं पान उघडायचं. पहिल्याच पानावर कुणीतरी रात्रीच्या गाडीने उतरतं, स्टेशनवर न्यायला कुणी आलेलं नसतं, आणि हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता चुकीचा निघतो. बस. तिथून पुढं मी परभणी जिल्ह्यात नसते. पाण्याचा ड्रम किती भरलाय, सोयाबीनला काय भाव मिळाला, गॅसची नोंदणी केली का, ह्यातलं काही दोन तास माझ्यापर्यंत पोचत नाही. शेवट चांगला होणार हे मला माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच मी निवांत वाचते. दिवसभरात ज्या गोष्टींचा शेवट माहीत नसतो त्या पुष्कळ असतात.

वाचायला सोपं ते लिहायलाही सोपं, असं मंडळातले लोक धरून चालतात. माझ्या धंद्यात तुरपाई नावाचं काम आहे. सुलट बाजूने टाका दिसला तर ती तुरपाई बिघडली. चांगल्या रहस्यकथेत प्रकरण नेमकं कुठं तोडायचं, संवादात कुणाचं नाव न घेता कोण बोलतंय हे कसं कळवायचं, खून कुणी केला ते चौथ्याच पानावर सांगून ठेवायचं आणि तरी वाचणाऱ्याला दिसू द्यायचं नाही, ह्याला फार हात बसावा लागतो. बाबुराव अर्नाळकरांनी आयुष्यात हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं एका पिढीला घरच्या माणसांसारखी होती.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या पिढीतले. पूर्णा जंक्शनला गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. निजाम स्टेट रेल्वेत चिकटले, पुढं तीच रेल्वे भारत सरकारची झाली. त्यांची शाळा उर्दूतून झालेली. तेव्हा हैदराबाद संस्थानात वरचं शिक्षण बहुतेक उर्दूत होतं, उस्मानिया विद्यापीठसुद्धा १९१८ पासून उर्दू माध्यमाचं. घरात बोलायचं मराठी, वाचायचं उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, त्यानंतर कचेऱ्यांतली आणि शाळांतली भाषा हळूहळू बदलली, तेव्हा आबा अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर बोट ठेवून, जुळवून जुळवून वाचायचे. मनमाडहून येणाऱ्या गाडीचा एक गार्ड त्यांना खिशात मावतील अशी रहस्यकथांची पुस्तकं देऊन जायचा. आबा सांगायचे, पहिलं पुस्तक संपायला महिना लागला. काळापहाड निसटला का पकडला हे कळल्याशिवाय झोप येईना, म्हणून कंदिलाशी बसून अक्षर जुळवायचे. दहावं पुस्तक एका रात्रपाळीत संपलं. इब्ने सफींच्या उर्दू जासूसी कादंबऱ्याही ते वाचायचे, कव्हरं फाटली तर वर्तमानपत्राच्या कागदाची घालायचे. उर्दू-मराठी दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर असायची.

ही गोष्ट मी सांगितली की लोक लगेच म्हणतात, बरोबर आहे, हलकी पुस्तकं म्हणजे पायरी. माणूस त्यावरून चढून चांगल्या पुस्तकांकडे जातो. आमच्या बाजूने बोलणारेही हेच बोलतात आणि मला ते पटत नाही. आबा कुठंच चढून गेले नाहीत. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत ते रहस्यकथाच वाचत होते, आणि त्यांना रामायण, भगवद्गीता, पेपरातला अग्रलेख सगळं वाचता येत होतं, वाचतही होते. पायरी म्हटलं की त्या पुस्तकाची स्वतःची किंमत गेली. मग जो वरच्या मजल्यावर पोचला नाही तो नापास ठरतो. सोळा तास काम करून आलेल्या बाईला दोन तास आनंद झाला, एवढं कारण पुस्तक विकत घ्यायला पुरेसं आहे. त्यासाठी पुढं तिनं आणखी काही वाचून दाखवायची अट नको.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष. आमच्याकडे टँकर यायचा, कधी दुपारी चारला, कधी रात्री नऊला. घागरी, हंडे, प्लास्टिकचे डबे रांगेत लावून आम्ही बायका लिंबाच्या सावलीत बसायचो. पहिले काही दिवस भांडणं झाली. नंतर एकदा मी पिशवीत पुस्तक घेऊन गेले, एक भुताच्या वाड्याची कादंबरी, आणि शेजारणीनं विचारलं म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी सात-आठ जणी जवळ सरकून बसल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या पुढं. तळघराचं दार उघडतं त्या प्रकरणाशी आलो आणि टँकरचा हॉर्न वाजला, तर एक म्हातारी म्हणाली, "थांब माय, दार उघडू दे आधी." कुणी उठलं नाही असं नाही, पाण्यापुढं सगळ्या उठल्या. पण पाणी भरून झाल्यावर चौघी परत आल्या, घागरी डोक्यावरून उतरवल्या आणि दार उघडेपर्यंत थांबल्या. ते पुस्तक परवाच्या चौसष्टांत आहे.

करमणूक आणि मोठं वाङ्मय ह्यांच्यात आपल्या मातीनं कधी एवढी भिंत घातली नव्हती. पैठणला नाथांनी १५८४ साली, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण केली. तेच नाथ विंचवावर, एडक्यावर, जोशावर, फकिरावर भारुडं लिहीत होते, आणि लोक ती ऐकताना हसत होते. भारुडात अध्यात्म आहे हे मला ठाऊक आहे. कादंबरीत ते नसतं, आणि तसा दावा मी करत नाही. पण साध्या माणसाला रिझवणं हे नाथांना कमीपणाचं वाटलं नाही, आणि आपल्याकडे तालुक्याच्या वाचनालयाला का वाटावं?

आणखी एक आक्षेप दबक्या आवाजात येतो, की असली पुस्तकं बायकामुलांच्या हाती देण्याजोगी नसतात. चंद्रकांत काकोडकरांच्या एका कथेवर, १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या, अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, कथा अश्लील नाही म्हणून. इतक्या वर्षांपूर्वी देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं जे वाचून निर्णय दिला, त्या प्रकारच्या लेखनावर आज न वाचता ठराव होतो, ह्याचं मला वाईट वाटतं. मंडळातल्या किती जणांनी त्या चौसष्टांतलं एक तरी उघडून बघितलं होतं?

आणि मागणी नाही असं तर म्हणूच नका. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची. २०१३ मध्ये त्यावर सिनेमा आला तेव्हा कॉलेजची मुलं वाचनालयात ती मागत आली होती. आमच्याकडची प्रत कधीच हरवलेली, नवी घेतलेली नव्हती. मुलं दोन-तीनदा विचारून गेली आणि पुन्हा आली नाहीत. आज त्यांच्याच वयाच्या मुली प्रतिलिपीसारख्या ॲपवर रात्री बारापर्यंत मराठी कथा भागाभागाने वाचतात. म्हणजे वाचायची भूक आहे. पण ज्यांच्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो मुलाच्या क्लाससाठी आहे, त्या माझ्या बायकांचं काय? पासष्टीच्या बाईला त्या बारीक पडद्यावर किती वाचता येणार?

तुमच्या व्यवहाराच्या बाजूनंही बघा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपली वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत आहेत. वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर सभासदांची संख्याही बघतात. अभ्यासिकेतली मुलं परीक्षा झाली की जातात, जायलाच हवीत. वर्षानुवर्षं वर्गणी भरून टिकतात ते कादंबऱ्या नेणारे सभासद. ते गळाले की तपासणीच्या वेळी नुसती नावं शोधत बसावं लागतं, हे ग्रंथपालांना विचारा.

माझं मागणं फार नाही. निर्लेखनाची यादी ठरावाला ठेवण्याआधी आठ दिवस फळ्यावर लावा, आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागची तारखेची चिठ्ठी बघा. जे जीर्ण झालंय पण फिरतंय त्याची नवी प्रत घ्या, मिळत नसेल तर बाइंडिंग करा. ब्लाउजच्या अस्तराचं कापड उरतं माझ्याकडे, पाठीला लावायला मी देईन. दर खरेदीत निदान काही पुस्तकं अशी घ्या जी सभासदांनी मागितली आहेत. त्यासाठी मागणीची वही टेबलावर ठेवा, आतल्या खणात नको. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते चार वाचनालय बायकांसाठी उघडं ठेवता आलं तर साडीच्या घडीतून पुस्तकं न्यायची गरज राहणार नाही. आणि ग्रंथपालाला सांगा, एखादी बाई प्रेमाची कादंबरी मागायला आली तर तिच्याकडे बघून हसू नको. त्या हसण्यामुळं दोन जणींनी कार्ड परत केलं आहे, मी नेऊन दिलं होतं म्हणून मला माहीत.

निजामाच्या काळी साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची, तेव्हा माणसांनी एकत्र बसायला वाचनालयं काढली, हे भाषणात आपण दर १७ सप्टेंबरला ऐकतो. त्या वाचनालयांत आबांसारखे पॉइंट्समनही येऊन बसायचे. ते काय वाचायचे तेही लक्षात ठेवावं.

शेवटी एक काम आहे, मराठवाड्यातल्या सगळ्या ग्रंथपालांना. त्या चौसष्टांत एका कादंबरीचं मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं गेली आहेत, म्हणून नाव कळत नाही. पुस्तक पान ९ पासून सुरू होतं आणि १७४ वर तुटतं. गोदावरीकाठचं गाव आहे, पुरात वाहून आलेली एक लोखंडी पेटी आहे, आणि नुकती बदली होऊन आलेली एक डॉक्टर आहे, जिला त्या पेटीवरचं नाव ओळखीचं वाटतं. पान १७४ वर ती किल्ली लावते. ऑपरेशन झालेल्या त्या बाईंना हाच शेवट हवा आहे, आणि आता आम्हा अकरा घरांनाही. तुमच्या कुणाच्या कपाटात ही कादंबरी अजून शाबूत असेल तर तिचं नाव तुमच्या फळ्यावर लिहा. आमच्या पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी वाचून कळवेल. आणि पुढच्या ठरावापर्यंत तरी ती बाजूला काढून ठेवा.

आपली,
बावीस वर्षांची एक सभासद,
जिल्हा परभणी